समाजसेवेला डिग्री कशाला? : बी.एस.डब्ल्यू.विषयी थोडेसे

मागच्या वर्षी जूनमध्ये माझा पुतण्या घरी आला आणि चहा व्हायच्या आतच म्हणाला, "काका, तुम्ही तिला जरा समजावा. तुमचं ऐकते ती. बारावीला ब्याऐंशी टक्के आहेत, बी.कॉम. करून सी.ए.ला बसू शकते, आणि म्हणतेय बी.एस.डब्ल्यू. करायचंय. समाजसेवाच करायची तर रविवारी मंडळात ये म्हणावं. त्याला डिग्री कशाला?"

मी स्वतः बी.कॉम., छत्तीस वर्षे बँकेत काढलेली. पुतण्याचे म्हणणे मला शंभर टक्के पटले होते. दुसऱ्या दिवशी नातीला बोलावले, कागद-पेन्सिल घेतली आणि दोन रकाने आखले. एका बाजूला बी.कॉम., दुसऱ्या बाजूला हे तिचे नवे खूळ. तिने सगळे निमूट ऐकून घेतले आणि विचारले, "आजोबा, कर्ज देताना तुम्ही कागद बघायचात की माणूस?" मी म्हटले, दोन्ही. ती म्हणाली, "कागद बघायला बँकेने ट्रेनिंग दिलं असेल. माणूस बघायला कोणी शिकवलं?"

त्या रात्री मला १९८६ सालची एक म्हैस आठवली.

तेव्हा मी छोटाउदेपूर भागातल्या एका शाखेत होतो. तो भाग त्या वेळी आपल्याच बडोदे जिल्ह्यात होता. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम, म्हणजे आय.आर.डी.पी.चे दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला काही साधन घेऊन द्यायचे, काही रक्कम सरकारी अनुदान, उरलेली बँकेचे कर्ज. आदिवासी लाभार्थींना निम्मे अनुदान असे. एका विधवा बाईच्या नावाने म्हशीचे प्रकरण आले. अर्जात उत्पन्नाचा दाखला होता, जामीनदार होता, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला होता, विमा होता, म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबरसुद्धा होता. मी सही केली. आठ महिन्यांनी हप्ते थकले म्हणून वसुलीला गेलो, तर गोठा रिकामा. बाई दारात उभी, दोन पोरे पदराला धरून. ती म्हणाली, "साहेब, म्हैस मी मागितलीच नव्हती. मी बकऱ्या मागितल्या होत्या."

म्हशीला चारा लागतो, उन्हाळ्यात पाणी लागते, आणि ही बाई चार महिने मजुरीला बाहेरगावी जाणारी. बकऱ्या शेजारीण सांभाळू शकली असती. पण यादीत म्हशींचे उद्दिष्ट पुरे व्हायचे होते. अर्जाच्या चार पानांत तिला काय हवे आहे हा प्रश्न कुठेच नव्हता, आणि मीही तो विचारला नाही. नोटीस मात्र मीच बजावली.

ही गोष्ट मी घरी कधी सांगितली नव्हती. नातीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, हेच तर शिकवतात तिथे." ती प्रवेश घेऊन आता तिसऱ्या सत्रात आहे. गेल्या वर्षभरात तिच्याकडून, तिच्या पुस्तकांतून आणि तिच्या प्राध्यापकांशी बोलून मला जे समजले ते लिहितो आहे, कारण आपल्या मंडळातल्या आणखी दोन-तीन घरांत हाच वाद चालू आहे हे माझ्या कानावर आले आहे.

पहिली गोष्ट शब्दांची. आपण समाजसेवा म्हणतो, ते लोक समाजकार्य म्हणतात, आणि हा फरक ते फार जपतात. सेवा म्हणजे आपण द्यायचे, समोरच्याने घ्यायचे. गणपतीत आपण वह्यावाटप करतो ती सेवा, आणि ती चांगलीच आहे. समाजकार्यात समोरच्या माणसाची अडचण कशात आहे हे पद्धतशीर शोधायचे, त्याच्या स्वतःच्या ताकदीचा, कुटुंबाचा, सरकारी योजनांचा, कायद्याचा मेळ घालायचा आणि शेवटी निर्णय त्याचा त्यालाच घेऊ द्यायचा. या शेवटच्या गोष्टीला त्यांच्याकडे तत्त्वाचे स्थान आहे. फेलिक्स बिस्टेक नावाच्या अमेरिकी धर्मगुरूने १९५७ साली व्यक्तीसहायकार्यावर एक पुस्तक लिहिले, त्यात सात तत्त्वे मांडली आहेत आणि ती आजही पहिल्याच वर्षी शिकवली जातात. प्रत्येक माणूस वेगळा समजणे, त्याला मोकळे होऊ देणे, आपल्या भावना आवरणे, तो आहे तसा स्वीकारणे, न्यायनिवाडा न करणे, निर्णय त्याच्यावर सोपवणे आणि गुप्तता. वाचून मला वाटले, यातले सातवे तर आम्ही बँकेत रुजू होतानाच सही करून देत होतो. आधीच्या सहांचा मात्र पत्ता नव्हता.

गुप्ततेबद्दल सांगायचे तर, नात कुठल्या वस्तीत जाते हे मला माहीत आहे, पण तिथल्या एकाही माणसाचे नाव तिने आजवर घरात घेतलेले नाही. आजीने खोदून खोदून विचारले तरी नाही. आजी अजून रुसून आहे.

आता अभ्यासक्रम. बारावी कुठल्याही शाखेची चालते. तीन वर्षांनी पदवी मिळते आणि नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चौथे वर्ष केले तर ऑनर्स. विषयांची यादी पाहिली तर समाजशास्त्र, मानसशास्त्र, माणसाच्या वाढीचे टप्पे, राज्यघटना आणि सामाजिक कायदे, संशोधन पद्धती असे काय काय आहे. हे वर्गात बसून होते आणि कुठल्याही बी.ए.सारखेच आहे, त्यावर मी वेळ घालवत नाही.

खरा अभ्यास आहे तो क्षेत्रकार्याचा, फील्डवर्कचा. साधारणपणे आठवड्यातले दोन दिवस कॉलेज नाही, थेट कामावर. कोणी रुग्णालयात, कोणी पालिकेच्या शाळेत, कोणी वस्तीत, कोणी वृद्धाश्रमात. संस्थेत एक जण देखरेख करणारा आणि कॉलेजमध्ये एक प्राध्यापक, असे दोघे डोक्यावर. प्रत्येक दिवसाचा अहवाल लिहायचा. त्याला रेकॉर्डिंग म्हणतात, पण ते टेप करणे नव्हे. मी काय बोललो, समोरचा काय बोलला, तो गप्प कुठे झाला, त्या वेळी मला काय वाटले, माझे कुठे चुकले, हे सगळे कागदावर. दर आठवड्याला प्राध्यापक तो अहवाल समोर ठेवून विद्यार्थ्याला एकट्याला बसवतात आणि ओळीओळीवर प्रश्न विचारतात. आमच्याकडे बँकेत ऑडिट व्हायचे, पण ते आकड्यांचे. स्वतःच्या वागण्याचे दर आठवड्याला ऑडिट करून घ्यायचे हे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना सोपे नाही. पहिल्या सत्रात ही पोर दोनदा रडत घरी आली.

एकदा कशासाठी, ते तिच्याच परवानगीने सांगतो. एका घरातली मुलगी आठवीत शाळा सोडून बसली होती. आमच्या नातीने दोन भेटींत तिला शाळेत परत जायला राजी केले आणि मोठ्या अभिमानाने अहवाल लिहिला. प्राध्यापिकेने विचारले, "ती घरी कोणाला सांभाळते?" धाकटा भाऊ, सव्वा वर्षाचा. आई आठ घरी कामाला. "मग ती शाळेत गेली की त्याला कोण बघणार?" हे विचारलेलेच नव्हते. मुलगी चार दिवस शाळेत गेली आणि पुन्हा बसली, वर आईचा मार खाल्ला तो वेगळा. मग पुढचे दोन महिने अंगणवाडीची वेळ, शेजारची आजी, शाळेची दुपारची पाळी असे एकेक जुळवत गेले. शेवटी मुलगी दुपारच्या पाळीला जाऊ लागली. हे ऐकताना मला म्हैस दिसत होती, दुसरे काय.

त्यांच्या भाषेत याला व्यक्तीसहायकार्य म्हणतात, म्हणजे केसवर्क. याशिवाय गटकार्य आणि समुदाय संघटन अशा आणखी दोन मुख्य पद्धती शिकवतात, आणि त्यांच्या जोडीला संस्थांचे प्रशासन, संशोधन आणि सामाजिक कृती. गटकार्य आपल्याला बचत गटांमुळे ओळखीचे आहे. नाबार्डने १९९२ साली ५०० गटांपासून बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा आम्ही अधिकारी मनातून हसत होतो. विनातारण, विनाजामीन बायका कर्ज फेडतील कशा? फेडले. जिथे गट उभा करायला कोणी वर्षभर बसून राबले होते तिथे फेडले, आणि जिथे एका दिवसात कागदावर गट झाले तिथे बुडाले. हे मी माझ्या खात्यांवरून सांगतो.

हा विषय परदेशी आहे असेही एकाने मला सुनावले. काही अंशी खरे. आपल्या देशातली पहिली संस्था म्हणजे १९३६ साली मुंबईत सुरू झालेले सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल, आजचे टी.आय.एस.एस. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट अमेरिकी मिशनरी होते आणि त्याआधी नागपाड्याच्या वस्तीत काम करत होते. पण बडोदेकरांना हे परके वाटायचे कारण नाही. सक्तीचे प्राथमिक शिक्षण सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर लागू केले. त्याच वर्षी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढणाऱ्या विठ्ठल रामजी शिंद्यांच्या शिक्षणाला महाराजांचा हात लागला होता. महाराजांच्या नावाच्या आपल्या विद्यापीठात सोशल वर्कची स्वतंत्र फॅकल्टी अगदी सुरुवातीच्या वर्षांपासून आहे. आपण तिच्यावरून स्कूटर काढतो, आत काय चालते हे विचारत नाही. महाराष्ट्रात पाठवायचे असेल तर मुंबईचे निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था ही जुनी नावे आहेत. इग्नूमधून दूरशिक्षणानेही होते, पण तिथेही फील्डवर्क चुकत नाही, हे घरी बसून करू पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

आता पुतण्याचा खरा प्रश्न, पोटापाण्याचा. इथे मी गोड बोलणार नाही. स्वयंसेवी संस्थांत सुरुवातीचा पगार थोडा असतो आणि नोकरी बरेचदा प्रकल्पापुरती, कंत्राटी. प्रकल्प संपला की पुन्हा शोध. नुसत्या बी.एस.डब्ल्यू.वर थांबणे शहाणपणाचे नाही, एम.एस.डब्ल्यू.पर्यंत जायची तयारी हवी. मनोरुग्णांसोबत काम करायचे असेल तर आणखी पुढे: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सायकियाट्रिक सोशल वर्कर कोणाला म्हणायचे ते ठरवले आहे, त्यात एम.एस.डब्ल्यू.नंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. धरले आहे.

दुसरी बाजूही आहे. मोठ्या रुग्णालयांत मेडिकल सोशल वर्कर असतात. बाल न्याय कायद्यामुळे प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष आला, परिविक्षा अधिकारी आले. ज्या १०९८ क्रमांकाची पाटी आपण स्टेशनवर पाहतो ती चाइल्डलाइनसुद्धा १९९६ साली टी.आय.एस.एस.च्या प्रकल्पातूनच सुरू झाली. कारखान्यांचे म्हणाल तर १९४८ च्या कायद्याने ५०० कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी बंधनकारक केला होता, २०२० च्या संहितेत तो आकडा २५० वर आणला आहे. बडोद्याभोवती कारखान्यांना तोटा नाही. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्यातले कलम १३५: वर्षाला पाच कोटी किंवा जास्त निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. तो पैसा नीट खर्च करायला आणि त्याचा हिशेब द्यायला शिकलेली माणसे लागतात.

"एम.एस.डब्ल्यू. तर बी.कॉम.नंतरही करता येतं," हा पुतण्याचा हुकमी एक्का होता, आणि तो बरोबर आहे. कुठल्याही पदवीनंतर प्रवेश मिळतो. मग बी.एस.डब्ल्यू. कशाला? माझे उत्तर व्यवहारी आहे. हे काम आपल्याला झेपते का हे अठराव्या वर्षी कळलेले बरे. नातीच्या वर्गातली काही मुले पहिल्या वर्षानंतर दुसरीकडे गेली. त्यांचे वर्ष गेले, पण त्यांच्या हातून कोणाची म्हैस गेली नाही.

कर्जाविषयी विचारणा होते म्हणून दोन ओळी. शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत तारणाशिवाय आणि मार्जिनशिवाय मिळते, फेड शिक्षण संपल्यावर साधारण एक वर्षाने सुरू होते. पण गावातच राहून विद्यापीठात शिकायचे असेल तर कर्जाच्या फंदात पडू नका. सुरुवातीचा पगार थोडा असणाऱ्या क्षेत्रात हप्ता घेऊन उतरणारा पहिल्या मोठ्या पगाराच्या मागे पळतो आणि ते काम सोडतो.

एक फायदा आपल्याच मुलांचा. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी-हिंदी. वस्तीत चार भाषा लीलया बोलणारी मुलगी लोकांना आपली वाटते. गुजराती लिहिण्यात मात्र आपली मुले कच्ची आहेत, आणि सरकारी अर्ज गुजरातीत असतात. ज्यांचा विचार पक्का आहे त्यांनी सुट्टीत एवढे सुधारून घ्यावे.

पुतण्या अजून पुरता वळलेला नाही. लग्नकार्यात कोणी विचारले तर "कॉलेजात आहे" एवढेच सांगतो. पण मागच्या महिन्यात त्याच्या दुकानातल्या कामगाराच्या आईची विधवा पेन्शन अडली होती, तेव्हा तो कागद घेऊन लेकीच्या खोलीत गेला आणि दीड तास बाहेर आला नाही. ज्यांना आपल्या घरातल्या वादासाठी माझ्याशी बोलायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात यावे. नात असली तर तीही येईल, गुरुवार-शुक्रवार मात्र तिचे फील्डवर्क असते.