जकातीचा कायदा आणि धर्मस्वातंत्र्य

एखाद्या राष्ट्रानें आपल्या प्रजेच्या धर्माची गळचेपी केली, तर दुसऱ्या राष्ट्राच्या कायदेमंडळाला तिला आवर घालतां येतो काय? परक्या देशांत त्याचा हुकूम चालत नाहीं. त्याच्या हातीं असते ती केवळ आपल्याच बाजारपेठेची किल्ली: कोणाच्या मालावर किती जकात घ्यावी व कोणाला कर्ज द्यावें, हें ठरविण्याचा अधिकार. ही किल्ली कितपत चालते, ह्याची कसोटी अमेरिका व सोव्हिएट रशिया यांच्या व्यवहारांत लागली.

सोव्हिएट राज्यांतील ज्यूंचीं बहुतेक प्रार्थनामंदिरें बंद झालीं होतीं. हिब्रू शिकविणें धोक्याचें झालें होतें. देश सोडण्यासाठीं जो अर्ज करी, त्याची नोकरी पुष्कळदां जाई, आणि परवाना मिळेलच असा भरंवसा नसे. १९७२ च्या ऑगस्टांत सुशिक्षितांवर नवा कर बसला: जाण्यापूर्वीं त्यांनीं आपल्या शिक्षणाचा खर्च सरकारला भरून द्यावा.

त्याच ऑक्टोबरांत रशियाचा अमेरिकेशीं व्यापारी करार झाला. इतर राष्ट्रांइतकीच कमी जकात रशियाला हवी होती. सेनेटर हेन्री जॅक्सन व प्रतिनिधि चार्ल्स व्हॅनिक यांनीं नेमकें तेथेंच बोट ठेवलें. ज्या साम्यवादी राष्ट्रांत प्रजेला देशाबाहेर जाण्याची मोकळीक नाहीं, त्यांना ही सवलत व सरकारी कर्ज मिळूं नये. स्थिति सुधारत असल्यास अध्यक्षांनीं अट शिथिल करावी, अशी त्यांची दुरुस्ती होती. तींत धर्माचा उल्लेख नव्हता. भर होता तो देशांतराच्या हक्कावर. खुद्द रशियांतून शास्त्रज्ञ साखारोव्ह यांनीं १९७३ सालीं तिला जाहीर पाठिंबा दिला.

दुरुस्ती नुसती चर्चेंत असतांनाच, १९७३ च्या मार्चमध्यें, शिक्षणकराची वसुली थांबली. पुढें मात्र गोष्ट बिघडली. वर्षाला ६०,००० लोक सुटतील, अशी अपेक्षा जॅक्सन यांनीं १९७४ च्या ऑक्टोबरांत उघडपणें बोलून दाखविली. मॉस्कोनें असें वचन दिल्याचें नाकारलें. डिसेंबरांत सेनेटनें ८८ विरुद्ध ० मतांनीं दुरुस्ती मान्य केली. दुसऱ्या एका दुरुस्तीनें कर्जाची मर्यादा ३० कोटी डॉलरवर आली, म्हणजे मिळावयाचें बक्षीसही लहान झालें. ३ जानेवारी १९७५ रोजीं कायद्यावर सही झाली, आणि त्याच महिन्यांत रशियानें करारच धुडकावला.

१९७३ सालीं सुमारे ३५,००० ज्यू बाहेर पडले होते. १९७५ सालीं सुमारे १३,०००. पुन्हां १९७९ सालीं आंकडा सुमारे ५१,००० वर गेला, आणि १९८६ सालीं १,००० च्याही खालीं आला. कायदा मात्र तोच होता. बदलत होते ते दोन राष्ट्रांचे संबंध. उलट रुमानियासारख्या लहान राष्ट्राला सवलतीची निकड होती. त्यानें १९७५ सालींच ती मिळविली. रशियापुरती ही अट २०१२ सालीं रद्द झाली.

ह्यावरून दिसतें तें इतकेंच: अशा कायद्याचें बळ समोरच्याच्या गरजेइतकें असतें. ती गरज आहे व माघार घेण्यास वाट आहे, तोंवर धाकही उपयोगी पडतो. वाट बंद झाली व प्रश्न मानापमानाचा झाला, म्हणजे त्याची किंमत अर्ज करून वाट पाहणाऱ्या कुटुंबांना भरावी लागते.