लेखांक ११ : झिरो एरर

रजेचं आणि हजेरीचं गणित या आठवड्यात सोडवून दाखवते, असं कबूल केलं होतं. ते आज नाही. बार्शीच्या एका सिस्टरचं पत्र आलंय आणि ते वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. त्या एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहेत, मुलगा बत्तिसाव्या आठवड्यात झालेला. विचारतात, “मॅडम, बाळाला कितवा महिना असं कुणी विचारलं की नेमकं काय सांगायचं? सासूबाई पाचवा म्हणतात, मी तिसरा म्हणते, आणि शेजारच्या काकू आम्हा दोघींकडं संशयानं बघतात.”

प्रश्न दोन ओळींचा आहे. आमच्या घरात तो आठ महिने चालला होता.

नेहमीच्या वाचकांना आमच्या जुळ्यांच्या तारखा पाठ असतील, पण आजच्या हिशेबाला त्या लागणार. जन्म १२ सप्टेंबर २०१८, हरितालिका. डॉक्टरांनी दिलेली तारीख २१ नोव्हेंबर. म्हणजे सत्तर दिवस, बरोबर दहा आठवडे आधी. मुलगा १३४० ग्रॅम, मुलगी १२६०. काचेच्या पेटीतून सुटून घरी आली ती वसुबारसेला. माझं दुसरं वर्ष नुकतंच लागलं होतं आणि विषय, हसू नका, बालआरोग्य नर्सिंग.

ही २१ नोव्हेंबर कुठून येते ते आधी सांगते, कारण वर्गात सांगताना मला दर वर्षी तितकीच मजा येते. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्यायचा, त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. माझा १४ फेब्रुवारी होता. हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावानं हा नियम जगभर शिकवला जातो; ते १८५१ मध्ये वारले. आणि आपल्या आज्या-पणज्या कोणाच्याही वर्गात न बसता काय म्हणत आल्या? नऊ महिने नऊ दिवस. फरक दोन दिवसांचा. आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे मी कौतुकानं सांगितलं तर त्या निवडत होत्या ती मेथी खाली न ठेवता म्हणाल्या, “दोन दिवस कमी धरले की म्हाताऱ्यानं.”

असो. तर १२ जानेवारीची रात्र. मुलं चार महिन्यांची झाली होती. दुसऱ्या दिवशी मला वर्गात ‘वाढ आणि विकास’ यावर बोलायचं होतं आणि मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून तक्ता काढत होते. टेबलावर काढला असता तर मुलं टेबलाच्याच खोलीत झोपलेली. तक्त्यात लिहिलं : चार महिने, मान धरते. लिहिलं आणि हात थांबला. दुधाची वेळ झालीच होती. मुलाला गादीवर उताणं ठेवलं, दोन्ही हात धरून अलगद उठवलं. मान मागं लोंबली. मुलीला उठवलं. तिचीही.

आता गंमत बघा. माझ्या थिसिसचा विषय कमी दिवसांच्या बाळांच्या आयांना असलेली माहिती हाच होता. तीस प्रश्नांची प्रश्नावली मीच बनवलेली. त्यातला सतरावा प्रश्न : अशा बाळाची वाढ कोणत्या तारखेपासून मोजावी? खाली चार पर्याय. बरोबर उत्तर कोणतं हे मी गाइड मॅडमना दोनदा समजावून सांगितलेलं. आणि त्या रात्री ओट्यापाशी तीच बाई स्वतःच्या मुलांना जन्मतारखेनं मोजून रडत होती. माहिती असणं आणि ती रात्री एक वाजता स्वतःच्या पोरांवर वापरता येणं, यांत किती अंतर असतं हे तीस गुणांच्या प्रश्नावलीत मोजता येत नाही. थिसिसमध्ये हे लिहायला जागा नव्हती, म्हणून इथं लिहिते.

नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत मशीनशॉपला. सेकंड शिफ्ट करून तेवढ्यात आला. कोपरापर्यंत हात धुतले (ही सवय एनआयसीयूनं लावलेली, अजून सुटलेली नाही) आणि विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मान धरत नाहीत. त्यानं कपाटामागून जुनं कालनिर्णय ओढून काढलं. २१ नोव्हेंबरवर बोट ठेवलं आणि आठवडे मोजत भिंतीवरच्या नव्या जानेवारीपर्यंत आला. “सात आठवडे, तीन दिवस. दोन महिन्यांची बी न्हाईत अजून. कशाला मान धरत्यात?” मग मला म्हणाला, “व्हर्नियरला झिरो एरर असला तर आलेलं माप तू तसंच सांगतीस का?”

ज्यांनी व्हर्नियर हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी : जबडे पूर्ण मिटले की शून्यावर शून्य यायला हवं. नाही आलं, काटा थोडा पुढंच राहिला, तर यंत्र टाकून देत नाहीत. जेवढं पुढं आहे तेवढं प्रत्येक मापातून वजा करतात. आमच्या पोरांचा झिरो एरर दहा आठवडे. जन्मापासूनचं वय उणे दहा आठवडे, याला पुस्तकात दुरुस्त वय म्हणतात. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तो तक्ता याच शब्दांत शिकवला. आजही शिकवते, श्रेय न देता.

पण मशीनशॉपच्या दाखल्यात एक अडचण आहे. व्हर्नियरला प्रत्येक मापातून एरर वजा होतो. बाळाला तसं नाही. काही मापं वजाबाकी करून घ्यायची आणि काही अजिबात करायची नाहीत. बार्शीच्या ताई, तुमच्या घरातला गोंधळ इथंच आहे. सासूबाई आणि तुम्ही, दोघीही बरोबर आहात. फक्त कशासाठी मोजताय ते एकमेकींना सांगत नाही.

डोळ्यांचं घ्या, कारण इथली चूक परत फिरवता येत नाही. दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण व्हायच्या आधीच बाळ बाहेर आलेलं असतं. त्या कधीकधी वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढून सोडवू शकतात. आपल्याकडं चौतीस आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ असेल तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत पहिली तपासणी व्हायला हवी. फारच लहान असेल तर त्याहूनही लवकर. हे तीस दिवस जन्मतारखेपासूनचे. इथं वजाबाकी केलीत तर घात. आमची तपासणी अठ्ठाविसाव्या दिवशी होती, घटस्थापनेला, आणि त्याच सकाळी कॉलेजात अंतर्गत परीक्षा. परवानगी मागायला गेले तर समोरून उत्तर आलं, “तुमच्याच हिशेबानं बाळं अजून जन्मलेली नाहीत ना? मग डोळे कसले तपासता?” विनोद वाईट नव्हता. परीक्षा बुडाली, महिन्यानं परत घेतली.

ती तपासणी बघणं सोपं नसतं. आधी बाहुल्या मोठ्या करायला पुन्हा पुन्हा थेंब. मग बाळाला दुपट्यात गच्च गुंडाळायचं, पापण्या तारेच्या छोट्या चिमट्यानं उघड्या ठेवायच्या आणि डॉक्टर कपाळावरच्या दिव्यानं आत बघणार. मी स्वतः किती बाळं अशी धरली असतील, गणती नाही. माझीच धरायची वेळ आली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “तू बाहेर बस, मी धरते.” बसले. मुलगी पहिल्याच खेपेला सुटली. मुलाला दोन आठवड्यांनी परत बोलावलं, मग आणखी दोन आठवड्यांनी, आणि आपोआप बरं झालं.

लसी पण जन्मतारखेनंच. सहा, दहा, चौदा आठवडे हे जन्मापासूनचे. बाळ एवढुसं आहे म्हणून लस पुढं ढकलायचा मोह घरातल्या प्रत्येकाला होतो, आणि नेमकं हेच बाळ जंतुसंसर्गाला जास्त सहज सापडतं. अगदी सुरुवातीच्या लसी वजन आणि तब्येत पाहून डॉक्टर मागंपुढं करतात, तेवढं त्यांच्यावर सोडा. आमच्या मुलांची गोवर-रुबेला १२ जूनला झाली, नऊ महिने भरल्या दिवशी. तेव्हा दुरुस्त वयानं त्यांना सात महिनेही नव्हते.

वजन, उंची, डोक्याचा घेर मात्र वजाबाकी करूनच, आणि हे साधारण दोन वर्षांपर्यंत. त्यानंतर फरक इतका लहान दिसू लागतो की हिशेब सोडून देतात. घरी यायच्या आधीच्या आठवड्यांसाठी वेगळे तक्ते असतात. त्यांतल्या एकाचा मला विशेष अभिमान आहे. ‘इंटरग्रोथ-२१’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासासाठी जगातल्या आठ ठिकाणी बाळं मोजली. ऑक्सफर्ड, तुरिन, सिएटल यांच्या यादीत आपलं नागपूर आहे. म्हणजे कमी दिवसांचं बाळ कसं वाढावं याचा जो जागतिक तक्ता आहे, त्यात वऱ्हाडी पाण्यावर वाढलेली बाळंही आहेत. (नागपूरकर कळवतील की नागपूर वऱ्हाडात नाही. मान्य. पत्र पाठवू नका.)

अंगणवाडीताईंना मात्र वजा करून वय सांगू नका. त्या जन्मतारीखच लिहिणार आणि तेच बरोबर आहे. जन्मतारीख द्या आणि लगेच पुढं म्हणा, “आठ आठवडे आधी झालाय.” लसीकरणाच्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत हेच लिहून ठेवा, म्हणजे दर वेळी नव्या माणसाला गोष्ट पहिल्यापासून सांगायला नको. शेजारच्या काकूंना पाचवा महिना सांगा आणि चहा करा.

राहिलं वरचं अन्न. हा आमच्या घरातला खरा आखाडा.

जन्मतारखेनं सहा महिने १२ मार्चला भरले. आत्याबाईंनी आठवडाभर आधीच तांदूळ-मूगडाळ धुऊन, वाळवून, भाजून ठेवली होती. मी म्हटलं, २१ मेपर्यंत थांबायचं. माझ्या हातात कागद होता : २०१७ साली प्रसिद्ध झालेला भारतातलाच अभ्यास, चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेली चारशेच्या वर बाळं. अर्ध्यांना दुरुस्त वयाच्या चौथ्या महिन्यापासून वरचं सुरू केलं, अर्ध्यांना सहाव्यापासून. वर्षाच्या शेवटी वजनात फरक नाही. उलट लवकर सुरू केलेल्या बाळांना दवाखान्यात जास्त वेळा भरती करावं लागलं. आत्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ती पोरं कुणाची हुती?”

त्यांचा अधिकार मी नाकारत नाही. एनआयसीयूत पहिल्यांदा आत आल्या तेव्हा सिस्टर पलाडाईनं दूध पाजत होत्या. आम्ही ते तमिळ नाव पुस्तकातून शिकलो, त्याचे फायदे पाठ केले. आत्याबाईंनी लांबून बघितलं आणि म्हणाल्या, “हे तर बोंडलं.” तसंच भांडं, तशीच चोच, तशीच गालाच्या कोपऱ्यातून धार. नवऱ्याचं चांदीचं बोंडलं त्यांच्या ट्रंकेत होतं. स्टीलचं असतं तर उकळायला मागून घेतलंही असतं.

मेपर्यंत थांबल्या त्या. माझ्या कागदामुळं नव्हे. एप्रिलमध्ये मुलाच्या जिभेवर पेजेचं बोट टेकवलं तर त्यानं जिभेनं ढकलून सगळी पेज हनुवटीवर आणली. “ह्याला अजून गिळायचं ठावं न्हाई,” म्हणाल्या आणि डबा वर ठेवून दिला. अन्न बाहेर ढकलायची ही सवय मोडली की बाळ तयार, हे मी तीन तासांच्या पेपरात दोन पानं लिहिलं असतं.

पण मग नवा पेच. उष्टावण मुलाचं सम महिन्यात करायचं, मुलीचं विषम. जुळ्यांचं एकाच दिवशी कसं करणार? माझी परीक्षा तोंडावर, माझा भाऊ रजा काढून पुण्याहून येणार, उष्टावायला मामा हवा. दोनदा येणं त्याला जमणार नव्हतं. आत्याबाई दुपारभर कालनिर्णयापुढं बसल्या. संध्याकाळी मला बोलावलं. २४ मे.

“पोराचं तुमच्या दवाखान्याच्या कागदावरच्या तारखेनं धर. आठ भरलेत. पोरीचं तुझ्या त्या वजाबाकीनं धर. सातवा चालू.”

मी म्हटलं, आत्याबाई, एकाचे भरलेले महिने आणि दुसरीचा चालू, असं कसं? आणि वयही दोघांचं दोन तऱ्हेनं?

“मग तू काय करतीस गं? डोळ्याला एक तारीख, मानंला दुसरी.”

२४ मेला मामानं दोघांना भरवलं, चांदीच्या वाटीतून, पाटाखाली माझी लॉगबुकं घालून; पाट हलत होता.

रजेचं पुढच्या आठवड्यात नक्की. ताई, तोवर एक काम करून ठेवा. थिअरीची ऐंशी टक्के हजेरी परीक्षेला बसण्यापुरती असते. प्रत्यक्ष कामाचे तास मात्र पदवी हाती पडण्याआधी शंभर टक्के भरावे लागतात. तुमचे आतापर्यंत किती भरलेत आणि किती राहिलेत, ते लॉगबुकातून मोजून कागदावर उतरवा. नोकरदार बाईची सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा विद्यार्थिनीला आपोआप लागू होत नाही, तेव्हा हिशेब त्या कागदावरूनच सुरू करावा लागेल.