फ्लॅटची दलाली आणि तिच्यातला आपला वाटा

मुलांचे शिक्षण, मुलाची नोकरी, किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीचा हाती आलेला मोबदला, अशा कारणांनी पुण्या-नाशकाकडे एखादा फ्लॅट घ्यावा असा विचार आता खेड्यातील पुष्कळ घरांतून चाललेला असतो. पूर्वी माझ्याकडे येणारे शेतकरी बंधू बियाणे, खते आणि कीड-रोग यांबद्दल विचारीत. अलीकडे तेच लोक पिकाचे बोलून झाले की हळूच फ्लॅटचा कागद पुढे करतात. तो काही माझ्या खात्याचा विषय नव्हे. परंतु दलाली म्हणजे काय हे शेतकऱ्याइतके कोणाला कळते? म्हणून त्याच वाटेने हा विषय मांडतो.

नव्या इमारतीत फ्लॅट दाखवणारा एजंट आपल्याला पहिल्याच भेटीत सांगतो, "काका, तुमच्याकडून मी एक रुपयाही घेणार नाही. माझे बिल्डर बघून घेईल." हे बोलणे खोटे नसते, पण ते अर्धेच असते. बाजार समितीत फळे-भाजीपाल्याची अडत 2016 पासून शेतकऱ्याच्या पट्टीतून न कापता खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम झाला. म्हणून व्यापारी ती पदरची सोसतो काय? बोली लावतानाच तो ती मनात धरून भाव काढतो. तसेच बिल्डरचे आहे. एजंटाला द्यायचे दोन-तीन टक्के त्याने दर ठरवतानाच धरलेले असतात. ती रक्कम आपल्याच पैशातून जाते, फक्त आपल्या हाताने जात नाही.

यातूनच एक रिवाज निघाला आहे. बिल्डरकडून मिळालेल्या दलालीपैकी काही भाग एजंट घर घेणाऱ्याला परत देतो. धंद्यातले लोक त्याला 'पासबॅक' म्हणतात. शहरातला नोकरदार हे बिनदिक्कत मागतो. आपला माणूस मागत नाही, कारण त्याला ते ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तर भीड पडते. दलालीचा दर आपल्या राज्यात कायद्याने ठरवून दिलेला नाही. तो बोलीचा मामला आहे, तेव्हा बोलण्यात संकोच कसला?

आता आकडे पाहू. पुणे शहरात 50 लाखांचा फ्लॅट आहे असे समजा. बिल्डर एजंटाला दोन टक्के देत असेल तर ते झाले 1 लाख. एजंटाने निम्मे परत द्यायचे कबूल केले तर आपले 50 हजार सुटले. हे 50 हजार मागाहून हातात घेण्यापेक्षा फ्लॅटच्या किमतीतूनच कमी करून मागावेत. करारनाम्यात 50 लाखांऐवजी साडेएकोणपन्नास लाख लिहिले गेले, तर मुद्रांक शुल्क आणि जीएसटी त्या कमी रकमेवर बसतो. पुण्यात पुरुषाच्या नावे मुद्रांक शुल्क सर्व अधिभार धरून 7 टक्के आहे. बांधकाम चालू असलेल्या, 45 लाखांवरील फ्लॅटवर जीएसटी 5 टक्के आहे. म्हणजे 50 हजारांवर आणखी 6 हजार वाचले. मात्र मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि सरकारी रेडीरेकनरची किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर लागते. करारातील रक्कम रेडीरेकनरच्या खाली गेली तर त्या बाबतीत वाचणार काही नाही.

किंमत कमी करणे बिल्डरच्या हाती असते, एजंटाच्या नव्हे. म्हणून ही बोलणी तिघांनी एकत्र बसून करावी लागतात. बिल्डर नाहीच म्हणाला, तर एजंटाने परतीची रक्कम आपल्या बँक खात्यात जमा करावी. नोटांची पाकिटे घेऊ नयेत. कर्ज काढणार असाल तर बँकेपासून ही गोष्ट लपवू नये.

सगळ्यात मोठी गफलत पहिल्याच दिवशी होते. जमीन महामार्गात गेलेल्या एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. ते एका रविवारी भाच्याबरोबर सहज म्हणून बांधकाम पाहायला गेले. तिथल्या मुलीने चहा दिला, एक फॉर्म पुढे केला, यांनी नाव आणि फोन नंबर लिहून सही केली. 'आपणांस कोणी पाठविले' या रकान्यात भाच्याने लिहिले, 'स्वतः'. पुढे त्यांच्या पाहुण्यांतला एक एजंट भेटला आणि निम्मी दलाली परत देतो म्हणाला. बिल्डरने वही काढून दाखवली : हे तर आमचे थेट गिऱ्हाईक, एजंटाला काही मिळणार नाही. मग यांनी विचारले, एजंट नाही तर तेवढे किमतीत तरी कमी करा. उत्तर आले, दर ठरलेला आहे. जमीन देऊन आलेल्या पैशातले ते 1 लाख ना एजंटाकडे गेले, ना यांच्याकडे आले. बिल्डरच्याच गल्ल्यात राहिले.

यासाठी पाय टाकण्यापूर्वीच ठरवावे, एजंटामार्फत जायचे की थेट. थेट जायचे तर फॉर्म भरण्याआधीच सांगावे, "मधे कोणी नाही, तेव्हा दलालीएवढी सूट धरून भाव सांगा." काही बिल्डर ऐकतात, काही नाही. सोन्याचे नाणे, फ्रीज, स्वयंपाकघराचे कपाट असली आमिषे दाखवली तर त्यांची किंमत विचारून तेवढी रक्कम कमी करून मागावी. ट्रॅक्टर घेताना फुकट मिळालेल्या ताडपत्रीचे जे मोल, तेच याचे.

एजंट करायचा तर नोंदणी झालेलाच करावा. केंद्राच्या रेरा कायद्याखाली महाराष्ट्रात 1 मे 2017 पासून महारेरा हे प्राधिकरण काम करते. तिथे नोंदलेल्या प्रकल्पातले घर विकायला एजंटाचीही नोंदणी लागते, आणि आता त्यासाठी परीक्षाही द्यावी लागते. एजंटाचा नोंदणी क्रमांक इंग्रजी 'ए' या अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी'ने. दोन्ही क्रमांक घरातल्या शिकत्या मुला-मुलीकडून महारेराच्या संकेतस्थळावर तपासून घ्यावेत. इमारत पूर्ण करण्याची तारीख, किती फ्लॅट विकले गेले, जागेवर कोर्टकज्जा आहे काय, हे तिथेच दिसते. शेत घेताना सातबारा आणि फेरफार न पाहता आपण इसार देतो काय?

आणि परतीच्या पैशाला फार भुलू नये. एखादा एजंट नेहमीच्या दुप्पट-तिप्पट रक्कम परत देतो म्हणाला, तर बिल्डर त्याला इतकी दलाली का देतो हा प्रश्न आधी पडला पाहिजे. जो माल उठत नाही त्याच्यावर दुकानदाराला कमिशन जास्त असते, हे कीटकनाशकांच्या बाबतीत मी नोकरीभर पाहत आलो आहे. रखडलेल्या इमारतीत 1 लाख परत मिळाले आणि ताबा तीन वर्षे लांबला, तर तेवढे पैसे भाड्यातच जातील.

याच बेताची बचत आणखी एका मार्गाने होते, आणि तिच्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही. घर फक्त बाईच्या नावावर घेतले तर राज्यात 1 एप्रिल 2021 पासून मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. 50 लाखांवर ती बरोबर 50 हजार होते, म्हणजे निम्म्या दलालीएवढीच. नवरा-बायको दोघांची नावे लावली तर ही सवलत मिळत नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर बाईचे नाव फार करून नवरा गेल्यावरच चढते. निदान शहरातले घर तरी तिच्या हयातीत, तिच्या नावे व्हायला हरकत नसावी, असे मला वाटते.

अमेरिकेतही घर घेणाऱ्याचा एजंट आपल्या दलालीतला भाग परत देतो. तिथल्या बऱ्याच राज्यांत ते चालते, काही राज्यांत मनाई आहे. पण देवघेव कागदावर होते. व्यवहार पुरा होतानाच्या हिशोबपत्रकात ती रक्कम दाखवतात आणि कर्ज देणाऱ्या बँकेलाही ती माहीत असते. तिथल्या दलालांच्या मोठ्या संघटनेने ऑगस्ट 2024 पासून नियमच केला की, घर दाखवायला नेण्यापूर्वी एजंटाने गिऱ्हाइकाशी आपल्या मेहनतान्याचा लेखी करार करावा. एवढे आपणही करू शकतो.

जुना, दुसऱ्याच्या मालकीचा फ्लॅट घेताना गणित निराळे असते. तिथे बिल्डर नसतो. एजंट घेणारा आणि विकणारा अशा दोघांकडूनही साधारण एक ते दोन टक्के मागतो. परतीचा प्रश्न तिथे येत नाही. घर दाखवण्यापूर्वीच दर कमी करून घ्यावा, आणि पैसे नोंदणी झाल्यावर द्यावेत.

नव्या इमारतीत बिल्डर एजंटाला पैसे उशिरा देतो. बहुधा करारनाम्याची नोंदणी होऊन आपले पहिले काही हप्ते भरले गेल्यावर ते निघतात. तोवर महिने लोटतात आणि तोंडी शब्द विरून जातो. म्हणून बुकिंगचा चेक देण्यापूर्वी एजंटाकडून साध्या कागदावर लिहून घ्यावे : त्याचे नाव व नोंदणी क्रमांक, प्रकल्पाचे नाव व क्रमांक, फ्लॅट कितवा, बिल्डरकडून किती टक्के मिळणार, त्यातले किती आपल्याला देणार, बिल्डरचे पैसे आल्यापासून किती दिवसांत आणि कोणत्या बँक खात्यात. खाली तारीख, दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार. नोंदणीकृत करारनामा होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्याचा अधिकार नाही, हेही त्याच कागदाच्या पाठीवर लिहून ठेवले तर चेक फाडताना समोर राहील.