नटाचें देणें

श्रोतेहो, मराठींतला 'देणें' हा शब्द मोठा मौजेचा आहे. आपण दुसऱ्यास जें देतों तेंही देणें, आणि दुसऱ्यास जें द्यावयाचें राहिलेलें असतें तेंही देणेंच. वर्गांत हा शब्द आला कीं मी मुलांस विचारीत असें, "देवाचें देणें आणि सावकाराचें देणें यांत फरक काय?" मुलें हंसत, आणि मग एखादा हुशार मुलगा उत्तर देई, "गुरुजी, पहिलें मिळालेलें असतें, दुसरें फेडावयाचें असतें." आज ज्या नटाच्या आयुष्याविषयीं मी बोलणार आहें, त्याच्या आयुष्यांत हीं दोन्ही देणीं एकमेकांत अशीं गुंतलेलीं आहेत कीं, एकाचा विचार दुसऱ्यास सोडून करतांच येत नाहीं. ते नट म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात् महाराष्ट्राचे बालगंधर्व.

त्यांचा जन्म २६ जून १८८८ रोजीं झाला व १५ जुलै १९६७ रोजीं ते निवर्तले. मीं त्यांना रंगभूमीवर पाहिलेलें नाहीं. माझ्या पिढीस तें भाग्य लाभलें नाहीं. माझी ओळख झाली ती घरांतल्या चावीच्या ग्रामोफोनवरून. माझे वडील तबकडी लावीत, डोळे मिटून ऐकत, आणि ती संपली कीं म्हणत, "हें नुसतें टांचण झालें, पद नव्हे." लहानपणीं मला याचा अर्थ कळत नसे. तो कळण्यास संगीत नटाचा व्यवसाय कसा चाले, हें आधीं समजून घ्यावें लागतें.

अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें आणि पाठोपाठ १८८२ सालीं 'सौभद्र' आणलें. तेव्हांपासून मराठी संगीत नाटकाचा खरा ओघ सुरू झाला. पूर्वींच्या खेळांत सूत्रधारच बहुतेक गाणें म्हणे व पात्रें त्यास साजेसा अभिनय करीत. किर्लोस्करांनीं गाणें पात्रांच्याच तोंडीं घातलें. येथून नटाचें काम दुप्पट झालें. त्यास बोलतां आलें पाहिजे आणि गातांही आलें पाहिजे. शिवाय बोलतां बोलतां गाण्यांत शिरतांना ऐकणाराला ठेंच लागतां कामा नये. स्त्रिया त्या काळीं या रंगभूमीवर येत नसत, म्हणून नायिकेची भूमिका पुरुषासच करावी लागे. गोड गळ्याचा, देखणा, कोवळ्या वयाचा मुलगा कंपनीस मिळणें म्हणजे शेतकऱ्यास बारमाही पाण्याची विहीर लागण्यासारखें होतें.

'कंपनी' म्हणजे एक फिरतें एकत्र कुटुंबच असे. नट, वाजविणारे, पडदे रंगविणारे, कपडेवाले, आचारी, पाणके, सगळ्यांचें बिऱ्हाड एक. गांवोगांव मुक्काम पडे, तेथें भाड्याचें घर घेऊन पंगती उठत, सकाळीं तालमी चालत व रात्रीं खेळ होई. नव्या मुलास गाण्याची तालीम, उच्चारांची तालीम, लुगडें नेसून चालण्याबसण्याची तालीम, असें सर्व तेथेंच मिळे. ती त्याची शाळाही होती आणि तेंच त्याचें घर.

अशा कंपनींत नारायणराव १९०५ सालीं आले. त्यापूर्वीं सात वर्षें, म्हणजे १८९८ सालीं, पुण्यास त्या दहा वर्षांच्या मुलाचें गाणें ऐकून लोकमान्य टिळकांनीं त्यास 'बालगंधर्व' म्हटलें होतें, व तें नांव त्यास जन्मभर चिकटलें. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचीही त्यांच्यावर कृपा होती. मुलाच्या कानास विकार आहे हें कळल्यावर त्यांनीं त्यास उपचारासाठीं मिरजेस पाठविलें. त्याच मिरजेस किर्लोस्कर मंडळींत त्यांचा प्रवेश झाला व ते शकुंतला म्हणून उभे राहिले. मंडळीचे विख्यात गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं वारले होते, आणि त्यांची जागा कोण भरून काढील ही चिंता सर्वांस होती. सतरा वर्षांच्या या मुलानें ती चिंता दूर केली. देवाचें देणें तें हें.

आतां गाण्याविषयीं. त्या काळीं ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेंतल्या माणसास शब्द ऐकूं गेला पाहिजे, आणि तोही ओरडल्यावांचून. पुष्कळ नट यासाठीं वरच्या पट्टींत, जोरकस ताना घेऊन गात. बालगंधर्वांचा मार्ग निराळा होता. त्यांचा आवाज पातळ नव्हता, गोल व भरदार होता. शब्दाचा उच्चार स्वच्छ, सुरांत बुडालेला, आणि तान आली तरी ती शब्दाचा अर्थ पुढें नेण्यासाठींच येई. त्यांस भास्करबुवा बखले यांच्यासारखे गुरु लाभले. बुवांनीं १९१६ सालच्या 'स्वयंवर' नाटकाच्या पदांस चाली दिल्या. ख्यालांतली रागदारी त्यांनीं सामान्य प्रेक्षकाच्या पचनीं पडेल अशी करून दिली. नाटकाच्या साथीस ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला असे. थिरकवांसारखा तबलजी नाटकांत साथीस बसे, यावरून त्या गाण्याची योग्यता ध्यानांत येईल.

वडिलांच्या उद्गाराचा अर्थ येथें उलगडतो. तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपे. रंगभूमीवर तेंच पद प्रेक्षकांची इच्छा असेतोंवर चाले. एक ओळ निरनिराळ्या तऱ्हांनीं, प्रत्येक वेळीं निराळ्या भावानें म्हटली जाई. पद संपलें कीं 'वन्समोअर'चा गजर होई आणि बालगंधर्व तें पुन्हां म्हणत. पुन्हां मागणी झाली, तर पुन्हां म्हणत. नाटक रात्रीं सुरू होई तें पहांटेस संपे. समोरच्या लोकांस ते मायबाप म्हणत, आणि मायबापांनीं मागितलें व आपण दिलें नाहीं, असें होऊं देणें त्यांच्या स्वभावांतच नव्हतें.

या स्वभावाची कसोटी फार लवकर लागली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस व्हावयाचा होता. नारायणराव त्यांत भामिनीची भूमिका करणार होते. त्याच दिवशीं त्यांची लहान मुलगी वारली. खेळ पुढें ढकलावा असें मंडळींतल्या लोकांस वाटणें स्वाभाविक होतें. परंतु तिकिटें गेलेलीं होतीं, लोक येणार होते. नारायणरावांनीं प्रयोग ठरल्याप्रमाणें केला. त्या वेळीं त्यांचें वय तेवीस वर्षांचेंही नव्हतें. रंगभूमीवर त्यांस लाडावलेल्या, श्रीमंत घरच्या, हंसऱ्या मुलीचें सोंग करावयाचें होतें.

ही गोष्ट आपण नेहमीं कौतुकानें सांगतों. मीही शाळेंत कर्तव्यनिष्ठेचा धडा म्हणून ती अनेक वेळां सांगितली आहे. परंतु वय वाढलें तसा तिच्यासंबंधीं माझ्या मनांत एक कांटा राहिला. त्या रात्रीं प्रेक्षकांस जें मिळालें, तें कोणाच्या तरी वांट्याचें काढून दिलेलें होतें. घरांत एक आई आपल्या मुलीसाठीं रडत होती. नटाचें देणें एका बाजूस वाढलें म्हणजे तें दुसऱ्या बाजूस कोठें तरी तुटतें. हें ध्यानांत ठेवून कौतुक करावें, इतकेंच माझें म्हणणें आहे.

१९१३ सालीं नारायणराव, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनीं किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडून 'गंधर्व नाटक मंडळी' स्थापन केली. 'स्वयंवरां'तली रुक्मिणी, 'संशयकल्लोळां'तली रेवती, १९१९ सालीं आलेल्या 'एकच प्याल्यां'तली सिंधु, अशा त्यांच्या भूमिका महाराष्ट्रभर गाजल्या. सिंधूची भूमिका विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. 'एकच प्याला'चे लेखक राम गणेश गडकरी नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वींच, त्याच वर्षाच्या जानेवारींत वारले. ज्या नटाच्या शालूची व दागिन्यांची नक्कल घरोघरच्या स्त्रिया करीत, तोच नट येथें फाटकें लुगडें नेसून जात्यावर बसला, आणि लोकांनीं त्यास तितक्याच प्रेमानें पाहिलें.

पुढें दोघे भागीदार बाहेर पडले व मालकीचा सगळा भार एकट्या नारायणरावांवर आला. आतां जमाखर्चाकडे वळूं. कंपनीचें उत्पन्न खेळाच्या रात्रींवर अवलंबून असे. पावसाची झड लागली, गांवांत सांथ आली, मुख्य नटाचा घसा बसला, कीं त्या रात्रीचें उत्पन्न बुडालेंच. खर्च मात्र थांबत नसे. पगार, पंगत, भाडें, रेल्वेचें सामान, हें रोजचें. उत्पन्न पावसासारखें आणि खर्च नदीच्या घाटासारखा पक्का, अशी स्थिति असतां शहाणा मालक हात आंखडता घेतो. नारायणरावांस तें साधत नसे. रंगभूमीवर राजवाडा असेल तर तो राजवाडाच दिसला पाहिजे, शालू खराच पाहिजे, अत्तरही खरेंच पाहिजे. १९२० सालच्या 'द्रौपदी' नाटकाच्या देखाव्यांवर त्यांनीं अपार पैसा ओतला. कंपनी मोठ्या कर्जांत बुडाली.

आणि याच दिवसांत त्यांच्या हातून एक फार मोठें काम झालें. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं 'संयुक्त मानापमान' झालें. 'ललितकलादर्शा'चे केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. दोन कंपन्यांचे दोन मानकरी, एरवीं एकमेकांचे प्रतिस्पर्धी, एका कार्यासाठीं एका रंगभूमीवर उभे राहिले. स्वतः कर्जांत असलेला माणूस त्या रात्रीं दुसऱ्याची झोळी भरीत होता. पुढें तीन महिन्यांच्या आंतच, ऑक्टोबर १९२१ मध्यें, केशवराव अकालीं वारले.

कर्जाचें काय झालें? नारायणरावांनीं हात वर केले नाहींत. वर्षानुवर्षें खेळ करून, गळा झिजवून त्यांनीं तें फेडलें. सावकाराचें देणें त्यांनीं देवाच्या देण्यांतून वारलें, असें म्हटलें तरी चालेल. पण खर्चाचा हात तोच राहिला, म्हणून देणें पुन्हां उभें राहिलें.

एव्हांना काळही बदलला होता. १९३१ सालीं बोलपट आला व १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट निघाला. पडद्यावर स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करूं लागल्या. रंगभूमीवरही १९३३ सालीं नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकानें तोच मार्ग धरला. पन्नाशीकडे झुकलेल्या पुरुषानें तरुण नायिका होणें लोकांस पूर्वींसारखें सहज वाटेना. १९३५ सालीं 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' बोलपटांत बालगंधर्व संत एकनाथ झाले. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्यासारखा कसबी माणूस पाठीशीं होता, तरी त्यांचें मन तेथें रमलें नाहीं. कारण उघड आहे. बोलपटांत दृश्य तुकड्यातुकड्यांनीं घेतात, आणि समोर यंत्र असतें, मायबाप नसतात. ज्याचें गाणें ऐकणाराच्या 'वाहवा'वर फुलत आलें, त्यानें यंत्रासमोर फुलावें कसें? ते पुन्हां रंगभूमीकडे वळले. १९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या कंपनींत आल्या आणि त्यांच्या गाजलेल्या स्त्रीभूमिका करूं लागल्या. पण कंपनीचे जुने दिवस परत आले नाहींत.

मान त्यांस मिळाला. १९५५ सालीं संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार झाला, १९६४ सालीं पद्मभूषण झालें. पुण्यास मुठेच्या कांठीं त्यांच्या नांवाचें रंगमंदिर बांधावयाचें ठरलें, तेव्हां १९६२ सालीं त्यांच्याच हस्तें भूमिपूजन झालें. तें मंदिर २६ जून १९६८ रोजीं, त्यांच्या ऐंशीव्या जन्मदिनीं, उघडलें; पण तें पाहावयास ते नव्हते. वर्षापूर्वींच ते गेले होते. शेवटचीं वर्षें आजारपणाचीं व ओढगस्तीचीं गेलीं.

श्रोतेहो, असें चरित्र सांगून झालें कीं कोणी तरी म्हणतो, "माणूस मोठा, पण व्यवहार कळला नाहीं." या वाक्यांत एक अर्धवटपणा आहे. जो गुण त्यांना वर घेऊन गेला, त्यानेंच त्यांना कर्जांत घातलें. समोरच्यास उणें कांहीं द्यावयाचें नाहीं, हा एकच नियम त्यांनीं गळ्यालाही लावला आणि तिजोरीलाही लावला. गळ्यांत तो शोभला, तिजोरींत बाधला. एक ठेवून दुसरा काढला असता तर व्यवहार सुधारला असता. परंतु असा हिशेबी माणूस पहांटेपर्यंत एक पद पुन्हां पुन्हां म्हणत राहिला असता काय, याची मला शंका वाटते.

आणखी एक गोष्ट. 'वन्समोअर' कोणी मागितला? खरा शालू पाहण्यासाठीं गर्दी कोणी केली? तो आपल्याच आज्यापणज्यांनीं मागितला. तिकिटाचे पैसे दिले म्हणजे हिशेब मिटला असें त्यांना वाटलें. आपल्यालाही तसेंच वाटतें. आजही कोठें संगीत नाटकाचा प्रयोग होतो, एखादी तरुण मुलगी किंवा मुलगा सिंधूचें वा धैर्यधराचें पद जीव ओतून म्हणतो. आपण टाळ्या वाजवितों व घरीं येतों. त्यांच्या पोटापाण्याचें काय, म्हातारपणाचें काय, हा प्रश्न आपल्या मनांत येत नाहीं.

सावकाराचें देणें बालगंधर्वांनीं फेडण्याची शिकस्त केली. आपल्याकडे जें त्यांचें देणें राहिलें आहे, तें आतां त्यांना पोहोंचविणें शक्य नाहीं. तें पुढच्या गाणाऱ्यांना द्यावयाचें आहे. तेवढें आपल्या हातून व्हावें, अशी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतों.