चारही चाकांना गती देणारी वाहने : रचना, उगम व वापर

पावसाळ्यात काळ्या जमिनीतील गाडीवाटेवर वाहन रुतले म्हणजे त्याचे एक मागील चाक जागच्या जागी गरगर फिरते व दुसरे स्वस्थ उभे राहते. इंजिनात पुरेशी शक्ती असूनही वाहन तसूभर पुढे सरकत नाही. दोष इंजिनाचा नसतो. चाकाची जमिनीवरील पकड सुटलेली असते.

अडचण कोठे येते ?

वाहन वळताना बाहेरील चाकास आतील चाकापेक्षा अधिक अंतर तोडावे लागते. यासाठी दोन चाकांच्या मध्ये ‘डिफरन्शियल’ ही दंतचक्रांची रचना बसविलेली असते. तिच्यामुळे दोन्ही चाके निरनिराळ्या वेगाने फिरू शकतात. परंतु हीच सोय चिखलात अडचणीची ठरते. एक चाक घसरून मोकळे फिरू लागले की दुसऱ्यासही पुरेसा जोर मिळत नाही.

रचना

‘फोर व्हील ड्राइव्ह’ वाहनात गिअरपेटीला ‘ट्रान्स्फर केस’ नावाची आणखी एक पेटी जोडलेली असते. तिच्यातून एक फिरता दांडा मागील आसाकडे व दुसरा पुढील आसाकडे जातो. मागील चाके घसरली तरी पुढील चाके वाहन ओढू शकतात. शिवाय पकड ही चाकावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. चारही चाके ओढू लागली म्हणजे वाहनाचा सर्व भार ओढीच्या कामी येतो. इंजिनाची शक्ती मात्र यामुळे वाढत नाही.

उगम

ब्रामा डिप्लॉक या इंग्रज अभियंत्याने १८९३ साली वाफेवर चालणाऱ्या ओढयंत्रासाठी अशा रचनेचे पेटंट घेतले. पुढील चाकांना वळविणे व त्याच वेळी गती देणे ही यातील मुख्य अडचण होती. तिच्यावर अमेरिकेतील क्लिंटनविल येथील ऑटो झाखो व विल्यम बेसरडिख यांनी विशेष सांधा योजून १९०८ साली पेटंट मिळविले. १९४० साली अमेरिकन सैन्याने हलक्या वाहनाची मागणी केली व त्यातून जीप जन्मास आली. महायुद्ध संपताच, १९४५ साली, विलीज कंपनीने शेतकामासाठीही जीप विक्रीस आणली. इंग्लंडमध्ये मॉरिस विल्क्स यांना स्वतःच्या शेतावर जुनी जीप वापरताना लँड रोव्हरची कल्पना सुचली. ते वाहन १९४८ साली प्रसिद्ध झाले. मुंबईत महिंद्र कंपनीने १९४७ साली जीपची जुळणी सुरू केली.

वापरताना घ्यावयाची काळजी

१. कोरड्या, टणक रस्त्यावर पुढील चाकांची जोड काढावी. वळणावर पुढील चाके मागील चाकांपेक्षा अधिक अंतर चालतात. चिखलात चाक किंचित घसरून हा फरक भरून निघतो. डांबरी रस्त्यावर तो ताण दांड्यांवर व दंतचक्रांवर पडतो आणि टायरही लवकर झिजतात. ज्या वाहनात दोन आसांमध्येही डिफरन्शियल असते, त्यास हा नियम लागू नाही.

२. जीपचे चारही टायर एकाच मापाचे असावेत. ट्रॅक्टरचे पुढील टायर लहान असतात, परंतु त्यांच्या परिघाचा दंतचक्रांशी मेळ घातलेला असतो. म्हणून टायर बदलताना निर्मात्याने दिलेले मापच घ्यावे.

३. चिखलात शिरण्यापूर्वीच जोड घालावी. रुतल्यावर चाके जोराने फिरविल्यास खड्डा अधिकच खोल होतो.

४. चारही चाकांना गती मिळाली म्हणून ब्रेक लवकर लागत नाही. उतारावर वेग कमीच ठेवावा. पूर आलेल्या ओढ्यात या भरवशावर वाहन कधीही घालू नये. पाण्याच्या लोटाने चाके उचलली गेली की पकडच उरत नाही.

ही जोड कठीण जागेतून बाहेर पडण्यासाठी आहे. ती केव्हा घालावी व केव्हा काढावी हे ज्यास उमगले, त्याचे वाहन पुष्कळ वर्षे चांगली सेवा देईल.