तिघांत चौथा खडा

गेल्या महिन्यात नणंदेच्या स्थळाची बोलणी करायला बारामतीहून इंदापूरला निघालो. हे, मी आणि सासूबाई. तिघेच! "तीन तिगाडा, काम बिघाडा" म्हणत सासूबाईंनी अंगणातला खडा उचलून माझ्या पर्समध्ये टाकला. झाले चौघे!

ताटात एकदम तीन पोळ्या वाढायच्या नाहीत, हे तर आपण माहेरूनच शिकून येतो. का, म्हणाल तर श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा यांचे तीन पिंड असतात, त्याची ती आठवण, असे जुनी माणसे सांगतात. तेरावर आपल्याकडे तेराव्याची सावली. पाश्चात्त्यांचा तेरा निराळा. येशूच्या शेवटच्या भोजनाला तेराजण होते म्हणे, म्हणून. जपानी भाषेत चार आणि मृत्यू या दोहोंचा उच्चार 'शी'. म्हणजे आमचा चौथा खडा तिकडे चाललाच नसता! आणि शंकराला बेल वाहताना मात्र आपल्याला त्रिदळच हवे.

स्थळ मोडले ते मागण्यांमुळे. सोने, वर गाडी. यांनी तिथेच नमस्कार केला नि उठले. मला तर बरेच वाटले. परतताना एस.टी.त सासूबाई हळूच म्हणाल्या, "खडा जरा लहानच घेतला गं बाई."