परदेशी आरोग्यनिधी : प्रस्तावाआधी नोंदणी

सार्वजनिक आरोग्य प्रकल्पासाठी परदेशी निधी मागणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला प्रस्तावाआधी परकीय अंशदान नियमन कायद्याखालील (एफसीआरए) नोंदणीचा विचार करावा लागतो. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षे अस्तित्वात असावी आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने मूळ कार्यावर १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. अन्यथा देणगीदाराचे वचनपत्र जोडून विशिष्ट कामापुरती पूर्वपरवानगी मागता येते.

खरी कोंडी २०२० च्या दुरुस्तीने झाली. परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे हस्तांतरित करण्यास मनाई झाल्याने, मोठ्या संस्थेकडून वाटा घेऊन गावपातळीवर काम करणाऱ्या लहान संस्थांची वाट बंद झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आली. रुग्णालयातील डॉक्टरांचे वेतन या मर्यादेबाहेर राहते. हिशेबनिसाचे मात्र तिच्यातच बसवावे लागते.